कार्डावरची आडवी सही

डावा डोळा गेल्यावर माझ्या मुलाने मोठेपणी पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितले. त्याने गेम खेळण्याचा संगणक मागितला.

मी अर्जनवीस आहे. नारायण पेठेत राहतो आणि कित्येक वर्षे कचेरीच्या भिंतीलगत, पत्र्याखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज, हरकती, तक्रारी लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु भाषेच्या दोषामुळे माझा मसुदा परत आला, असे एकदाही घडलेले नाही. वकिलीची सनद घेतलेली मुले 'विनंती' कुठे लिहावी आणि 'मागणी' कुठे लिहावी हे माझ्याकडून समजून घेऊन गेली आहेत. आत्मस्तुती म्हणून हे सांगत नाही. पुढे जे घडले त्यात माझ्या या कामाचा हात आहे, तो वाचकास आधीच ठाऊक असावा.

मुलाला विसावे लागले होते. एका सकाळी चहा पिताना त्याने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, तुमचे कान दिसतायत. तोंड नाही दिसत."

"चहा पी," मी म्हणालो. मला ती थट्टा वाटली.

पुढे डाव्या डोळ्याला मधोमध दिसणारा डाग वाढत गेला. माणूस दिसे, चेहरा दिसत नसे. चौकट दिसे, तसबीर दिसत नसे. नेत्रतज्ज्ञांनी पुष्कळ तपासण्या केल्या आणि शांतपणे सांगितले, की हा दोष आईच्या रक्तातून येतो, बहुधा तरुण मुलांना गाठतो आणि एका डोळ्यामागून दुसऱ्यावर येतो.

"दुसऱ्यावर कधी?" मी विचारले.

"काही आठवडे, काही महिने. नक्की सांगता येत नाही."

गोळ्या लिहून देऊन त्यांनी पेनला टोपण लावले. प्रकरण संपल्याची ती खूण मला कचेरीत रोज दिसते.

माझ्या बायकोचे माहेर पुण्याजवळच्या मांजरी गावचे. तिचा थोरला भाऊ तरुणपणीच आंधळा झाला. उसाच्या मळ्यांच्या जागी तिथे इमारती उभ्या राहिल्या, तरी तो अंगणातल्या बाजेवर बसलेला असे आणि बोलणाऱ्याकडे कधी तोंड करत नसे. मान वळवून कुंपणाकडे बघत उत्तर देई. आम्ही सगळे त्याला रुसका म्हणत असू. मधले दिसत नाही म्हणून तो डोळ्याच्या कडेने माणूस शोधत होता, हे दवाखान्यातून परतताना रिक्षात आम्हा दोघांच्या एकदमच ध्यानात आले. त्या दिवसापासून बायकोने मुलाला एकट्याने जिना उतरू दिला नाही.

अशा दिवसांत त्याने संगणक मागितला.

"डोळे जायला निघालेत आणि तुला पडदा हवा?" मी म्हणालो.

"म्हणूनच हवा."

"त्यापेक्षा खरं काही बघ. सिंहगड आहे, पर्वती आहे."

"आई मला खालच्या वाण्याकडे जाऊ देत नाही. सिंहगडावर कोण सोडणार?" तो म्हणाला. "बाबा, माझे मित्र एक गेम खेळतात. घोड्यावर बसून नुसतं हिंडायचं. बर्फाचे डोंगर आहेत, समुद्र आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते सगळं धुळीसारखं दिसतं. मला जिंकायचं नाहीये. एक डोळा आहे तोवर ते नीट बघायचंय."

पडद्याने डोळ्याला अपाय होणार नाही, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तरीही मी तासभर युक्तिवाद केला. माझी बायको एरवी पुण्याची झालेली आहे. संताप आला की ती माहेरचे बोलते. स्वयंपाकघरातूनच ती म्हणाली, "द्या की वो त्याला. दुसरं काय उरणार हाय?"

युक्तिवाद तिथे संपला.

यंत्र सुट्या भागांतून जुळवून घ्यायचे, असे मुलाचे ठरले होते. कोणते भाग घ्यायचे हे त्याला पाठ होते. दुकान मात्र मी निवडणार, अशी माझी अट होती. इंटरनेटवरून मागवण्यास मी साफ नकार दिला. माल खराब निघाला तर तक्रारीत विरुद्ध पक्ष म्हणून कोणाचे नाव लिहायचे? गोदामाचे? दुकान असे असावे, की जिथे नोटीस बजावता येईल. पाटीवर मालकाचे नाव, भिंतीवर चौकटीत परवाना आणि बिलावर पूर्ण पत्ता, एवढे माझे निकष होते.

"आपण खरेदीला चाललोय की केस करायला?" बुधवार पेठेत शिरताना मुलाने विचारले.

"दोन्ही एकाच दिवशी ठरतं," मी म्हणालो.

पहिल्या दुकानात काचेच्या पेट्यांत लाल-निळे दिवे फिरत होते. तिथला तरुण विक्रेता म्हणाला, "काका, रेडी बिल्ड घ्या. फुल लाइटिंग आहे. एकदम लूक येतो."

"आम्हाला गणपतीची आरास करायची नाही," मी म्हणालो.

"आत ग्राफिक कार्ड कुठलं आहे?" मुलाने विचारले. विक्रेत्याने नाव सांगताच तो वळून बाहेर पडला.

दुसरे दुकान पहिल्या मजल्यावर होते. मुलाला हवे असलेले कार्ड तिथे होते, आणि त्याचा हात त्या खोक्यावरून निघत नव्हता. पण दाराला पाटी नव्हती.

"दुकानाचं नाव काय?" मी विचारले.

"नावाचं काय करताय काका? माल बघा ना."

मी मुलाच्या दंडाला धरून त्याला खाली आणले. तो जिन्यात म्हणाला, "बाबा, तेच होतं ते." मी त्याला म्हणालो की निनावी अर्जाची कोणी दखल घेत नाही, आणि निनावी दुकानाची आपण का घ्यावी.

तिसऱ्या दुकानाचा मालक माझ्या वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. पाटी होती, परवाना होता. मुलगा एका खोक्याकडे वाकला तसा तो म्हणाला, "बघायला पैसे पडत नाहीत. उघडायला पडतात. कशासाठी पाहिजे? ऑफिस, एडिटिंग, गेम?"

"बघायला," मुलगा म्हणाला.

"बघायला टीव्ही मिळतो, पलीकडच्या गल्लीत."

मुलाने मग त्याला कार्डाचे नाव सांगितले आणि ते का हवे तेही सांगितले: पाण्यावरचा उजेड, सावल्या, लांबचा डोंगर जवळ येताना तुटू नये, असे पुष्कळ. मालकाने चष्मा डोळ्यांवर घेतला. ते कार्ड त्याच्याकडेही होते. त्याने मुलाचे ठरवलेले भाग एकेक करून विचारले आणि दोन बदलले.

"प्रोसेसर एक पायरी खालचा घे. तो हिशेब करतो. चित्र कार्ड काढतं. तुला चित्र पाहिजे ना? मग पैसा चित्रात घाल. आणि वीज पुरवणारा डबा भारीतला घे, त्यात काटकसर केली तर सगळंच जळतं."

मला तो माणूस पसंत पडला. मुद्देसूद बोलणारी माणसे या शहरात पुष्कळ आहेत, पण ती सहसा विकत काही देत नाहीत.

मॉनिटर निवडताना मुलगा मान तिरकी करून पाहत होता.

"मान अवघडलीय का रे?" मालकाने विचारले.

"नाही. एकाच डोळ्याने बघतोय. दुसरा पण जाणारे."

मांडून ठेवलेल्यांपैकी सर्वांत चांगल्या मॉनिटरवरचे प्लॅस्टिक मालकाने स्वतःच्या हाताने काढले आणि तो मुलाच्या पुढे सरकवला.

जुळणी करून यंत्र दुसऱ्या दिवशी मिळणार होते. म्हणजे आमचा माल रात्रभर परक्याच्या ताब्यात राहणार. दुरुस्तीला दिलेल्या वस्तूतले भाग बदलले, अशा तक्रारी मी स्वतः कितीतरी लिहिल्या आहेत. मी मालकाकडून न पुसणाऱ्या शाईचे पेन मागून घेतले आणि प्रत्येक भागावर सही केली. ग्राफिक कार्ड काळेभोर होते. त्यावर शाई उठेल अशी जागा म्हणजे पाठीवरची पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर बारीक आकडे छापलेले. अर्जावरच्या फोटोवर करतात तशी आडवी सही मी केली, अर्धी पट्टीवर आणि अर्धी धातूवर. फोटो बदलला तर सही तुटते आणि लबाडी उघड होते. ही पद्धत माझ्या आधीपासूनची आहे आणि तिच्यात दोष नाही.

"काका, भांड्यांवर नाव घालताय की काय?" मालक म्हणाला. "'चिरंजीवांच्या विवाहानिमित्त' राहिलं बघा."

मुलगा हसला. डोळा गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिले नव्हते, म्हणून मीही हसलो. पट्टीवर लिहू नका, असे तिथे कोणी म्हणाले नाही. कार्ड बिघडून परत आले तर त्या आकड्यांवरून वाद होईल, हे त्या वेळी कोणाच्या मनात आले नसावे.

यंत्र घरी आले. खिडकीजवळ मांडले. मुलगा त्याच्यापुढे बसे तेव्हा बायको शेजारी पालेभाजी निवडत बसे आणि म्हणे, "केवढा बर्फ पडलाय बाई तिथं." तो इतर मुलांसारखा खेळत नव्हता. एखाद्या कड्यावर घोडा थांबवून तो नुसता पाहत राही. पाठांतर करणारे मूल ओठ हलवते, तसे त्याचे ओठ हलत. मी संध्याकाळी थकून येई.

"बाबा, इकडे या. पाण्यावर सूर्य कसा हलतोय बघा."

"बघतो नंतर," मी म्हणे, आणि हातपाय धुवायला जाई.

एके दिवशी त्याने मला बोलावले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवायला उठवायला गेलो तर तो पडद्यापुढे हात मांडीत घेऊन बसलेला. पडद्यावर हिरव्या-जांभळ्या रेघा आणि चौकोनी ठिपके भरले होते.

"रेघा कसल्या या?" मी म्हणालो.

तो इतक्या जोरात वळला की खुर्ची भिंतीवर आपटली. "तुम्हाला पण दिसतात?"

"दिसतात म्हणजे? सगळा पडदा भरलाय."

"आई!" तो ओरडला. "आई, इकडे ये. तुला रेघा दिसतात का, सांग!"

रेघा त्याला कालपासून दिसत होत्या. उजवा डोळाही जायला निघाला असे समजून तो ते एकटाच सोसत होता. बायकोने पाहिले, तिलाही दिसल्या. यंत्र बिघडले होते. डोळा शाबूत होता. तिने देवापुढे साखर ठेवली आणि आम्ही तिघांनी ती खाल्ली. वस्तू मोडल्याचा एवढा आनंद आमच्या घरात कधी झाला नव्हता.

बिघाड कार्डातच होता. मालकाने ते काढून दिले आणि कंपनीच्या दुरुस्ती केंद्राचा पत्ता दिला. तिथल्या खिडकीतल्या मुलीने कार्ड उलटे केले आणि परत माझ्यापुढे ठेवले.

"सर, स्टिकर टॅम्पर्ड आहे."

"छेडछाड नव्हे, बाई. ती सही आहे. माझी."

"तेच ना सर. नंबर वाचता येत नाहीये. वॉरंटी लागू होणार नाही."

"बिलावर नंबर आहे."

"बिलावरचा आणि कार्डावरचा जुळवून बघावा लागतो. कार्डावर दिसतच नाही."

ठसा अस्पष्ट असेल तर कागद परत करावा, हा नियम मला मान्य आहे. मी स्वतः पक्षकारांना तेच सांगतो. घरी आणून स्पिरिटने पुसून पाहिले. शाईबरोबर आकडेही गेले. त्या वर्षी दुसरे कार्ड घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा माझ्या हातात जे होते ते मी केले. ग्राहक मंचाकडे तक्रार लिहिली.

ती मी लिहिलेली सर्वांत चांगली तक्रार आहे. ग्राहकास पूर्वसूचना दिली नाही, पट्टीवर लिहू नये असे कुठेही छापलेले नाही, सही हा मालकीचा पुरावा असून नुकसान नव्हे: एकेक मुद्दा मी विटेवर वीट ठेवावी तसा रचला. पत्र्याखालचे सोबती ती वाचायला आले. एका वकिलाने प्रत मागून नेली. विरुद्ध पक्ष क्रमांक एक कंपनी आणि क्रमांक दोन दुकानदार. दुकानदाराचा वैयक्तिक राग नव्हता. पण माल त्याने विकला होता आणि तक्रार पूर्ण असावी लागते. कार्ड मी पांढऱ्या कापडात बांधले, गाठीवर लाख लावली आणि कपाटात ठेवले. पुरावा हाताळू नये.

नोटीस मिळाल्यावर दुकानाचा मालक आमच्या घरी आला. खिशातून एक जुने कार्ड काढून त्याने टेबलावर ठेवले.

"हे लावा तोवर. पैसे नकोत. बर्फ बर्फासारखा दिसेल. समुद्राचं सांगत नाही. आणि मला त्या भानगडीतून काढा, एवढंच."

मुलगा पुढे आला. कार्ड चेहऱ्याजवळ नेऊन त्याने पाहिले. "चालेल बाबा. मला हे चालेल."

मी विचार केला. विरुद्ध पक्षाकडून वस्तू घेतली की तक्रारदाराचे समाधान झाले, असे ते म्हणणार. मग नवे कार्ड कधीच मिळणार नाही. आज अर्धे घेऊन कायमचे पूर्ण सोडायचे?

"तुला चालेल," मी म्हणालो. "तक्रारीला चालत नाही."

"अहो काका, डोळ्याला तारीख कळते का?" मालक म्हणाला.

मी ते कार्ड त्याला परत दिले. ते माझ्या हातात येईपर्यंत मुलाने ते थोडे धरून ठेवले होते. बायको भाजीचे ताट घेऊन आत निघून गेली.

तारखा पडत गेल्या. कधी कंपनीचा माणूस आला नाही, कधी मुदत मागितली. कार्डाशिवाय संगणकाचा पडदा काळाच राहिला. बायको दर शनिवारी तो पुसून त्यावर फडके टाकी. मुलाने जुन्या लॅपटॉपवर ते धुळीचे डोंगर थोडे दिवस पाहिले, मग तेही सोडले. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप बघत बसे.

पावसाळा सरता सरता, सकाळी चहा पिताना, त्याने कप खाली ठेवला. या वेळी त्याने हाताने काही झाकले नाही.

"बाबा," तो म्हणाला, "तुमचे कान दिसतायत."

मी चहा पी म्हणालो नाही. बायको गॅस बंद करून आली आणि त्याच्या पाठीमागे उभी राहिली. त्या सकाळी मी कचेरीत गेलो, आणि कोणाच्या तरी कुंपणाच्या वादाचा अर्ज लिहिला. दुसरे काय करावे हे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर कंपनीने पुढच्या तारखेच्या आधीच माघार घेतली. केवळ सद्भावनेपोटी, असे पत्र लिहून नवे कोरे कार्ड पाठवले. पत्र्याखाली सोबत्यांनी पेढे मागितले आणि मी ते दिले. तक्रार बरोबर होती, हे मी आजही म्हणतो. कागदावर तिच्यात एक ओळ चुकलेली नाही. बायकोने त्या पेढ्यांतला एकही खाल्ला नाही. मुलाने खाल्ला आणि गोड आहे म्हणाला.

कार्ड बसवायला दुकानाचा मालक स्वतः आला. मी बोलावले नव्हते. मुलाने फोन केला होता. स्क्रू आवळण्याआधी त्याने कार्ड माझ्यापुढे धरले.

"सही करायची आहे?"

मी नकारार्थी मान हलवली. त्याने ते बसवले, वायर जोडली, पडद्यावरचे फडके काढून घडी करून बायकोच्या हातात दिले आणि चहा न घेता गेला.

यंत्र सुरू झाले. खोलीत वाऱ्याचा आणि लाटांचा आवाज भरला. मुलगा पडद्यासमोर बसला आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवले. मांजरीच्या बाजेवर त्याचा मामा जसा बसे, तसा. कडेने उजेड कळत असावा. दारात उभी असलेली बायको ते पाहून आत गेली.

"बाबा, आहात का?"

"आहे."

"काय दिसतंय ते सांगा."

मी पक्षकारांना त्यांचा अर्ज वाचून दाखवतो. अंगठा उठवण्याआधी माणसाला ऐकवावे लागते. ते माझे रोजचे काम आहे. मी घसा साफ केला. "पूर्वेस समुद्र आहे. उत्तरेस डोंगर असून त्याच्या माथ्यावर बर्फ आहे. पश्चिमेस खडक, आणि मध्यभागी घोडा उभा आहे."

"चतुःसीमा नको हो, बाबा." तो थोडा हसला. "पाण्यावर सूर्य हलतोय का?"

मी खुर्ची ओढून जवळ बसलो आणि पडद्याकडे पाहिले. पाणी होते, त्यावर उजेड होता.

"हलतोय," मी म्हणालो.

"कसा?"

मी पाहत राहिलो. उजेड फुटत होता आणि पुन्हा जुळत होता, दर वेळी निराळ्या ठिकाणी. हे कसे सांगावे ते मला येईना. तो कान माझ्याकडे करून थांबला होता.